एका कपासाठी चौदाशे वॅट

टेबलाच्या कोपऱ्यात ठेवून एका वेळी एकच कप कॉफी करणारी छोटी यंत्रे आता अनेक कार्यालयांत दिसतात. काही शाळांमध्ये शिक्षकांच्या खोलीतही ती पोहोचली आहेत. पाणी ओतायचे, कॉफीची पूड किंवा सीलबंद डबी बसवायची आणि बटण दाबायचे. मिनिट-दोन मिनिटांत कप भरतो. हे यंत्र रिकामे असताना, प्लग काढून, उलटे करून पाहिले तर तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर काही आकडे दिसतात. त्यातला एक आकडा नवख्या माणसाला चकित करतो. काही यंत्रांवर तो ६०० वॅट असतो, तर काहींवर १४०० वॅट.

छताचा साधा पंखा सुमारे ७५ वॅटचा असतो. म्हणजे वीतभर उंचीचे हे यंत्र अठरा पंख्यांइतकी वीज ओढते! एका कपासाठी एवढा खटाटोप का? आणि असे यंत्र टेबलावरच्या संगणकाशेजारी, त्याच एक्स्टेन्शन बोर्डात लावावे का? पहिला प्रश्न कुतूहलाचा आहे, दुसरा सुरक्षिततेचा. दोन्हींची उत्तरे माध्यमिक शाळेच्या भौतिकशास्त्रातच आहेत. ती आपण क्रमाने शोधू या.

शक्ती वेगळी, ऊर्जा वेगळी

१५० मिलिलिटर पाणी म्हणजे १५० ग्रॅम. ते खोलीच्या तापमानापासून, समजा २५ अंश सेल्सिअसपासून, ९३ अंशांपर्यंत तापवायचे आहे. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवण्यास ४.१८ ज्यूल ऊर्जा लागते. म्हणून

१५० × ४.१८ × ६८ = सुमारे ४३,००० ज्यूल.

पाणी कोणत्याही साधनाने तापवा, निदान एवढी ऊर्जा त्याला द्यावीच लागेल. यंत्र लहान म्हणून ती कमी होत नाही. प्रश्न उरतो तो किती वेळात द्यायची एवढाच. वॅट म्हणजे दर सेकंदाला एक ज्यूल. १४०० वॅटचे यंत्र ४३,००० ज्यूल सुमारे ३१ सेकंदांत देते, ६०० वॅटचे ७२ सेकंदांत. पंख्याएवढ्या, म्हणजे ७५ वॅटच्या तापकाने हेच काम केले तर साडेनऊ मिनिटे लागतील, आणि तेही उष्णता मुळीच वाया गेली नाही तर. प्रत्यक्षात एवढ्या वेळात पाणी एकीकडे तापेल आणि दुसरीकडे निवत राहील.

तेव्हा पट्टीवरचा मोठा आकडा यंत्राच्या आकाराचा नसून आपल्या घाईचा आहे. विजेचे बिल मात्र घाईवर ठरत नाही, ते एकूण ऊर्जेवर ठरते. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. त्या हिशेबाने आपल्या कपाला जेमतेम ०.०१२ युनिट लागते. तोच पंखा तासभर फिरवला तर ०.०७५ युनिट वीज खर्च होते, म्हणजे सहा कपांइतकी. ‘जास्त वॅटचे यंत्र म्हणजे जास्त खर्च’ हा समज विद्यार्थ्यांमध्ये फार पक्का असतो. तो दूर करायला याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण.

सामाईक भांड्यापासून एका कपापर्यंत

एका कपाच्या यंत्रामागे थोडा इतिहास आहे. १९०८ साली जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेंट्झ या गृहिणीने पितळेच्या भांड्याच्या तळाला भोके पाडली आणि आत मुलाच्या वहीतला टीपकागद घातला. त्यावर पूड ठेवून गरम पाणी ओतले की चोथा वर राहतो आणि स्वच्छ कॉफी खाली येते. या युक्तीचे पेटंट त्यांनी त्याच वर्षी घेतले. पुढे १९५४ साली गॉटलोब विडमन यांनी ‘विगोमॅट’ या विजेवर चालणाऱ्या यंत्राचे पेटंट जर्मनीतच घेतले. त्यात पाणी आपोआप तापून पुडीवर ठिबकत असे.

ही यंत्रे कार्यालयांत गेली आणि तिथे एकच मोठे भांडे सर्वांसाठी भरून ठेवण्याची पद्धत पडली. भांडे गरम तव्यावर तासन्‌तास राहिले की कॉफीतील काही संयुगांचे विघटन होऊन ती आंबट-कडवट होते. शिवाय भांडे कधी रिकामे असेल ते सांगता येत नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ साली संशोधकांनी दुसऱ्या खोलीतले कॉफीचे भांडे जागेवरून पाहता यावे म्हणून त्यासमोर चक्क कॅमेरा बसवला. इंटरनेटवर जगाला दिसणारे ते भांडे २००१ पर्यंत प्रसिद्ध होते. ‘हवी तेव्हा, हवी तेवढी’ कॉफी देणारी यंत्रे आली ती हीच अडचण दूर करण्यासाठी. स्वित्झर्लंडच्या नेस्ले कंपनीने डबीची कॉफी १९८६ साली बाजारात आणली आणि अमेरिकेतील क्युरिग कंपनीने १९९८ साली कार्यालयांसाठी एका कपाचे यंत्र आणले.

पंप नसताना पाणी चढते कसे?

एका कपाच्या यंत्रांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. स्वस्त आणि साध्या प्रकारात पंप नसतो. तरीही मागच्या टाकीतले पाणी वर चढून पुडीवर पडते. हे कसे घडते?

टाकीच्या तळाला एक छिद्र असते. त्यातून पाणी स्वतःच्या वजनाने खाली उतरते आणि इंग्रजी यू अक्षरासारख्या वाकवलेल्या ॲल्युमिनियमच्या नळीत शिरते. या नळीला चिकटून विजेचा तापक असतो. टाकी आणि नळी यांच्यामध्ये एक छोटी एकदिश झडप असते. ती पाण्याला आत येऊ देते, पण मागे जाऊ देत नाही. तापक सुरू झाला की नळीतले पाणी उकळून वाफेचे बुडबुडे तयार होतात. वाफेला जागा फार लागते. मागची वाट झडपेने बंद केलेली असते. म्हणून बुडबुडे फुगताना पुढच्या उभ्या नळीतले पाणी वर ढकलतात. शिवाय पाणी आणि बुडबुडे यांचा मिळून झालेला स्तंभ नुसत्या पाण्यापेक्षा हलका असतो, त्यामुळे तो टाकीतल्या पातळीच्या वर जाऊ शकतो. एक घोट वर गेला की दाब उतरतो, झडप उघडते, नवे पाणी आत येते आणि चक्र पुन्हा सुरू होते. यंत्राची ती ओळखीची गुडगुड म्हणजे याच चक्राचा आवाज. माशांच्या टाकीत हवेचे बुडबुडे सोडून पाणी वर उचलणारी नळी असते, तिचे तत्त्वही हेच.

पाणी संपले की उष्णता वाहून नेणारे काही उरत नाही आणि नळीचे तापमान झपाट्याने वाढते. तेव्हा थर्मोस्टॅट तापकाचा प्रवाह तोडतो. त्याच्या आत बहुधा द्विधातू चकती असते. तापली की ती वाकते आणि संपर्क सुटतो. तो निकामी झालाच, तर ठरावीक तापमानाला कायमचा तुटणारा उष्मा-फ्यूज जोडीला असतो.

दुसऱ्या प्रकारात छोटा विजेचा पंप असतो. अनेक यंत्रांत विद्युतचुंबकाने मागे-पुढे होणारा दट्ट्या पाणी दाबाने एका तापलेल्या धातूच्या ठोकळ्यातील अरुंद मार्गातून ढकलतो. पाणी तिथे थोडाच वेळ असते, म्हणून तेवढ्यात त्याला भरपूर उष्णता मिळावी लागते. १२०० ते १५०० वॅटची यंत्रे प्रामुख्याने या प्रकारची. बुडबुड्यांवर चालणारी एका कपाची यंत्रे पुष्कळदा ४०० ते ७०० वॅटमध्ये भागवतात.

उष्णतेचे कपात काय होते?

भाजलेल्या कॉफीच्या पुडीतला साधारण तीस टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. पण सगळाच विरघळवला तर कॉफी कडू आणि तुरट होते. जाणकारांच्या मते १८ ते २२ टक्के भाग उतरावा. १० ग्रॅम पुडीतून जेमतेम २ ग्रॅम पदार्थ १५० मिलिलिटर पाण्यात येतात. म्हणजे कपातले ९८ टक्क्यांहून अधिक पाणीच असते!

गरम पाणी कशासाठी, असे विचारले की ‘कॅफीन विरघळण्यासाठी’ असे उत्तर मिळते. ते पुरते बरोबर नाही. २५ अंशाच्या १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे २ ग्रॅम कॅफीन विरघळू शकते आणि कपभर कॉफीत ते असते सुमारे ०.१ ग्रॅम. तेव्हा थंड पाणीही त्याला पुरून उरते. खरी अडचण वेगाची आहे. कणाच्या आतून पदार्थ बाहेर पडायला वेळ लागतो. थंड पाण्याने कॉफी करणारे ती बारा-बारा तास भिजत ठेवतात. तापमान वाढले की रेणूंची हालचाल वाढते आणि हे काम मिनिटावर येते. यासाठी पाणी ९० ते ९६ अंशांच्या दरम्यान असावे असे मानतात. पूड बारीक दळण्याचे कारणही वेगाचेच. कणाचा व्यास निम्मा केला की तेवढ्याच वजनाच्या पुडीचे पृष्ठफळ दुप्पट होते.

दक्षिणेकडील पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरमध्ये पाणी पंधरा-वीस मिनिटे सावकाश पाझरते, म्हणून दाट डिकॉक्शन मिळते. टेबलावरच्या यंत्राजवळ तेवढा वेळ नाही. वेळेची ही उणीव ते उष्णतेने, आणि पंप असेल तर दाबानेही, भरून काढते.

बोर्डात लावण्यापूर्वी

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. शक्तीला विभवांतराने भागले की विद्युतधारा मिळते. आपल्याकडे २३० व्होल्टचा पुरवठा असतो. ६०० वॅटचे यंत्र २.६ अँपिअर धारा घेते, १४०० वॅटचे ६.१ अँपिअर. आपल्याकडे भिंतीवरचे सॉकेट दोन प्रकारचे असतात. लहान सॉकेट ६ अँपिअरसाठी, तर मोठ्या भोकांचे १६ अँपिअरसाठी. म्हणजे १४०० वॅटचे यंत्र लहान सॉकेटची मर्यादा एकट्यानेच ओलांडते. त्याची जागा मोठ्या सॉकेटमध्येच.

टेबलाखालचा एक्स्टेन्शन बोर्ड हा यातला सर्वांत दुबळा दुवा असतो. तारेत किंवा सैल झालेल्या खाचेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, खाच सैल होऊन तिथे अर्ध्या ओहमचा रोध तयार झाला आहे. लॅपटॉपची धारा सुमारे ०.३ अँपिअर, तेव्हा तिथे ०.०४५ वॅट उष्णता निर्माण होते. हाताला ती जाणवणारही नाही. त्याच खाचेत कॉफीयंत्र लावले तर ६.१ × ६.१ × ०.५ म्हणजे जवळजवळ १९ वॅट! रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांचे लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते आणि ते कथील वितळवते. जवळजवळ तेवढी उष्णता प्लास्टिकच्या बंद बोर्डात, कागदांच्या गठ्ठ्याशेजारी निर्माण होत राहते. वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेला बोर्ड नव्या यंत्राने एका आठवड्यात काळवंडतो, त्याचे कारण हे आहे. बोर्ड गरम लागला, प्लगची पिन काळी पडली किंवा जळका वास आला, तर यंत्र तत्काळ बंद करावे आणि बोर्ड बदलावा.

संगणकाच्या यूपीएसला तर हे यंत्र कधीही जोडू नये. ६०० व्होल्ट-अँपिअरचा सामान्य यूपीएस सुमारे ३६० वॅटच देऊ शकतो. परदेशी बनावटीच्या यंत्राचा प्लग आपल्या सॉकेटमध्ये बसत नाही, म्हणून मध्ये दोन पिनांचा अडॅप्टर लावतात. त्यात अर्थिंगची जोडणी सुटते. पाणी, धातू आणि वीज एकत्र असलेल्या उपकरणाला अर्थिंग हवेच.

अमेरिकेत असलेले नातेवाईक कौतुकाने तिथले यंत्र आणतात, तेव्हा आणखी एक गोष्ट पाहावी लागते. तिथला पुरवठा १२० व्होल्टचा. त्या पुरवठ्यावर १४०० वॅट देणाऱ्या तापकाचा रोध सुमारे १०.३ ओहम असतो. रोध तोच ठेवून आपल्या २३० व्होल्टला जोडला तर धारा २२ अँपिअरच्या वर जाते आणि शक्ती ५१०० वॅटच्या! विभवांतर दुप्पटही झालेले नाही, पण शक्ती मात्र पावणेचार पटींच्या जवळ गेली. कारण ती विभवांतराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. फ्यूज उडाला तर नशीब, नाहीतर तापक जळतो. म्हणून पट्टीवर वॅटच्या शेजारी लिहिलेले व्होल्टही वाचावेत.

पांढरा थर

यंत्र हळूहळू मंद होते, गुडगुड वाढते, कप अर्धाच भरतो. अशा वेळी बहुतेकदा दोष पाण्याचा असतो. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही अशा दुष्फेन पाण्यात, विशेषतः बोअरच्या, कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेले असते. तापवल्यावर त्याचे विघटन होऊन कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट नळीच्या आतल्या बाजूला बसते. बंबात आणि गीझरच्या तापकावर बसणारा पांढरा थर तोच. हा थर ॲल्युमिनियमच्या तुलनेत सुमारे शंभर पट कमी उष्णता वाहू देतो. त्यामुळे तापक तापतो, पाणी मात्र कमी तापते. थर्मोस्टॅट पुन्हा पुन्हा प्रवाह तोडतो आणि अरुंद नळी अधिकच चोंदते.

यावर उपाय स्वयंपाकघरातच आहे. पांढरे व्हिनेगर आणि तेवढेच पाणी टाकीत घालून, पूड न घालता यंत्र चालवावे. मध्येच बंद करून अर्धा तास थांबावे आणि मग उरलेले द्रावण जाऊ द्यावे. व्हिनेगरमधील ॲसेटिक आम्लाची कार्बोनेटशी अभिक्रिया होऊन विरघळणारे कॅल्शियम ॲसिटेट तयार होते आणि ते वाहून जाते. नंतर दोन-तीन वेळा साधे पाणी चालवले की वास जातो. मात्र माहितीपुस्तिकेत व्हिनेगर वापरू नये असे म्हटले असेल, तर ते मानावे. काही यंत्रांतील रबरी भागांना ते सोसत नाही.

पट्टीवर न लिहिलेला हिशेब

आपण काढलेले ०.०१२ युनिट हा आकडा लहान आहे खरा, पण तो फक्त पाण्याचा. डबीच्या यंत्रात प्रत्येक कपामागे एक डबी टाकून द्यावी लागते. ॲल्युमिनियमच्या लहान डबीत सुमारे १ ग्रॅम धातू असतो. विद्युत-अपघटनाने १ किलो ॲल्युमिनियम मिळवायला सुमारे १४ युनिट वीज लागते. म्हणजे एका ग्रॅमला ०.०१४ युनिट. अशा डबीतून बहुधा ४० मिलिलिटरची एस्प्रेसो घेतात. तेवढे पाणी तापवायला लागते सुमारे ०.००३ युनिट. कॉफी तापवायला जेवढी वीज लागली, तिच्या चार पटींहून अधिक वीज ती भरून ठेवणाऱ्या पत्र्यावर खर्च झालेली असते! वापरलेला धातू पुन्हा वितळवून वापरला तर मूळच्या सुमारे पाच टक्के ऊर्जेत काम होते. पण त्यासाठी डब्या वेगळ्या गोळा व्हायला हव्यात, आणि आत ओला चोथा असल्याने ते घडणे सोपे नाही. जर्मनीतील हॅम्बुर्गच्या शासनाने २०१६ साली सरकारी खरेदीतून डबीची कॉफीयंत्रे वगळली, ती याच कारणाने. कागदी फिल्टरचे किंवा धुऊन वापरता येणाऱ्या जाळीचे यंत्र घेतले तर हा खर्च जवळजवळ टळतो. चोथाही बागेच्या खतात जातो.

वर्गात करून पाहा

१. पूड न घालता मोजलेले पाणी यंत्रातून काढा. पाण्याचे सुरुवातीचे व शेवटचे तापमान आणि लागलेला वेळ नोंदवा. समजा, ६०० वॅटच्या यंत्राने ११० सेकंद घेतले. त्याने ६६,००० ज्यूल ऊर्जा वापरली. कपात १५० ग्रॅम पाणी २५ अंशांवरून ८५ अंशांवर आले असेल तर त्याला सुमारे ३७,६०० ज्यूल मिळाले. कार्यक्षमता ५७ टक्के. उरलेली ऊर्जा कुठे गेली, याची यादी विद्यार्थ्यांना करू द्या. यंत्राचा धातू तापला, हे लगेच सुचते. वाफेचे मात्र मुद्दाम सुचवावे लागते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला २२६० ज्यूल अप्रकट उष्मा लागतो. तेव्हा दहा ग्रॅम वाफ उडून गेली तरी २२,६०० ज्यूल गेले!

२. उंच बरणीत पाणी भरून त्यात दोन्ही टोके उघडी असलेली पारदर्शक नळी उभी धरा. नळीचा बराचसा भाग पाण्यात बुडालेला हवा. माशांच्या टाकीच्या हवापंपाची बारीक नळी तिच्या खालच्या तोंडात सोडा. पाणी नळीतून पातळीच्या वर चढून सांडू लागेल. कॉफीयंत्राचे रहस्य विजेच्या तापकाविना उघड होते.

३. बंबातला किंवा जुन्या तापकावरचा पांढरा थर खरवडून परीक्षानळीत घ्या आणि त्यावर व्हिनेगर टाका. निघणारा वायू चुन्याच्या निवळीत सोडा. निवळी दुधाळ होईल.

४. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील पाच उपकरणांच्या पट्ट्यांवरील वॅट आणि व्होल्ट टिपून आणावेत, त्यांवरून धारा काढावी आणि ते उपकरण योग्य सॉकेटमध्ये लावले आहे का ते ठरवावे. उपकरण चालू असताना ते उचलायचे किंवा उलटे करायचे नाही, हे आधी बजावून सांगावे.

चारही प्रयोगांत शेवटचा आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याला कसलेही साहित्य लागत नाही, आणि एखाद्या घरातला काळवंडलेला बोर्ड त्यातून वेळीच बदलला जाऊ शकतो.